नथीचा सोनार आणि बुवांचे दात

रामकृष्णहरी म्हणा, आणि जरा पुढे सरका. मागे ऊन येतंय, पुढे सतरंजी रिकामी आहे. कीर्तनाला आलेला माणूस खांबाला टेकून का बसतो, हे कोडं मला वीस वर्षांत सुटलेलं नाही. पण असू दे. खांबही देवाचाच.

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन आलोय. माणसानं पंचवीस-तीस वर्षं एक काम केलं. हात बसला, नाव झालं. आणि मग काळ असा फिरला की ते काम सोडून दुसरं धरायची वेळ आली. माणूस घाबरतो. मी विचारतो, तो नेमका कशाला घाबरतो?

तुम्ही म्हणाल, बुवा, सोपं आहे. नवं काम येत नाही, म्हणून घाबरतो. बरं. मग लहान पोर का घाबरत नाही? त्याला तर काहीच येत नाही. चालता येत नाही, तरी उठतं. पडतं, रडतं, पुन्हा उठतं. त्याला भीती नाही आणि आपल्याला आहे. म्हणजे ‘येत नाही’ हे भीतीचं कारण नव्हे. कारण दुसरंच काहीतरी आहे. काय आहे ते? मी सांगणार नाही. एका सोनाराची हकीकत सांगतो, तुमचं तुम्ही ओळखा.

सोनार म्हणजे तासगावचे सदानंद पोतदार. बाजारपेठेत त्यांना सदाशेठ म्हणत. नाव शेठ, पण राहणी अशी की शर्टाचं वरचं बटण तुटलं तर सहा महिने तसंच. दुकान आजोबांपासूनचं. सदाशेठांची खासियत एकच — नथ. पंचक्रोशीत लग्न ठरलं की आधी मांडववाला आणि मग सदाशेठ. आणि त्यांची पद्धत अशी, की नुसतं माप घेऊन नथ करायची नाही. नवरी मुलगी दुकानात आली पाहिजे. तिला समोर बसवायचं. म्हणायचं, ‘बाळ, बोल जरा. हास. हे पाणी पी.’ मुलगी लाजायची, आई कौतुकानं बघायची, आणि सदाशेठ मुलीचं नाक नव्हे, सगळा चेहरा बघत बसायचे. का? तर म्हणायचे, ‘नथ फोटोत घालायची नसते, चेहऱ्यावर घालायची असते. पाणी पिताना नथ पेल्यात बुडली, तर ती माझी नथ नव्हे.’

वा. म्हणा की वा. पेटीवाले सुद्धा मान डोलवतायत, त्यांच्या मंडळींना नथ केलेली नाही अजून.

पण मंडळी, काळ फिरला. मोठ्या शहरांतली दुकानं आली. काचेच्या कपाटात एकसारख्या तीनशे नथी. पसंत कर, घाल, चल. सदाशेठांकडे काय राहिलं? मंगळसूत्राची वाटी वाकली, सरळ करा. कानातल्याची फिरकी हरवली, दुसरी बसवा. वय सत्तेचाळीस. दिवसभर दुकानात बसायचं आणि रस्ता बघायचा. उपाशी मरायची वेळ नव्हती, त्यांच्या पत्नी प्रभाताई शिवणक्लास चालवायच्या, घर चालत होतं. पण ज्याच्या हाताला काम माहीत आहे, त्याचा हात रिकामा राहिला की तो माणूस आतून वाळतो. झाडासारखा. वरून हिरवा दिसतो, पण सालीखाली काही नाही.

एक दिवस प्रभाताईंची दाढ दुखली. सांगलीत डॉक्टर आरवाडे म्हणून दातांचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे नेलं. दाढेला कॅप बसवायची होती. डॉक्टरांनी टेबलावर साचा ठेवला, त्यावर धातूची कॅप. सदाशेठांनी विचारलं, ‘बघू का?’ खिशातून भिंग काढलं. सोनार देवळात चप्पल विसरेल, पण भिंग विसरायचा नाही. उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, ‘मेणावरून ओतलीय ही. आणि ओतताना धातू इथं जरा थंड पडला होता.’

डॉक्टर बघतच राहिले. ‘तुम्हाला कसं कळलं?’

‘आमचा धंदाच तो. आधी मेणाचं करायचं, भोवती साचा, मेण वितळवून काढायचं, त्या जागी सोनं.’

डॉक्टर म्हणाले, ‘अहो, मिरजेला ज्या लॅबमधून हे येतं, त्यांना ओतकामाला माणूस मिळत नाहीये. जाता का?’

सदाशेठ हसले. चेष्टा वाटली त्यांना. पण घरी येताना एसटीत प्रभाताई म्हणाल्या, गाल सुजलेला, बोलता येत नव्हतं तरी म्हणाल्या, ‘जा की.’

‘अगं, काहीतरीच काय. दागिना बिघडला तर वितळवून परत करता येतो. हा दात. माणसाच्या तोंडात जायचा. त्यात मी या वयात शिकाऊ म्हणून उभा राहू?’

‘बसून शिका मग. पण जा.’

बायको हा देवानं घरात ठेवलेला गुरू आहे, मंडळी. फी नाही, सुट्टीही नाही.

गेले. मिरजेच्या लॅबच्या मालकीण रेहाना मुजावर. वय चौतीस. सदाशेठांपेक्षा तेरा वर्षांनी लहान. त्या म्हणाल्या, ‘काका, धातूचं काम तुम्हाला शिकवायची गरज नाही, हे मला दिसतंय. पण धातूवर पांढरं सिरॅमिक चढवायला शिकावं लागेल. ती प्रणाली शिकवेल.’ प्रणाली ही चोवीस वर्षांची मुलगी. तिथली सगळ्यात हुशार.

आता बघा काय झालं. सिरॅमिक म्हणजे पूड. ती पाण्यात कालवायची, कुंचल्यानं धातूवर चढवायची, सुकवायची, भट्टीत घालायची. सदाशेठांनी एकदा लांबून बघितलं आणि मनात म्हणाले, समजलं. चढवलं, भट्टीत घातलं, बाहेर काढलं. तडा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तडा. कुणीतरी मागून म्हणालं, ‘काका, हे सोनं नाही.’ बोलणारा सहज बोलून गेला. पण मंडळी, जिथं आधीच दुखतंय तिथं फुलाची छडीसुद्धा लागते. तीन आठवडे झाले. सात दात, सात तडे. रेहानाबाई फुटलेला दात बाजूला ठेवून नवा साचा पुढे सरकवायच्या. तेच सदाशेठांना जास्त लागायला लागलं.

घरी आले आणि प्रभाताईंना म्हणाले, ‘उद्यापासून जात नाही.’

त्या शिवण बाजूला ठेवून म्हणाल्या, ‘बरं. एक सांगा. पहिली नथ केलीत तेव्हा कितीदा मोडली होती?’

‘अकरा वेळा.’

‘मामंजींनी दुकानातून घालवलं का?’

‘बाबा शेजारी बसून होते. दर वेळी दाखवायचे.’

‘तुम्ही विचारायचात, म्हणून दाखवायचे. इथं तुम्ही कुणाला विचारलंत?’

सदाशेठांनी खिशातलं भिंग काढून पुसायला घेतलं.

‘त्या प्रणालीला विचारलंत?’

‘ती आपल्या पोरीच्या वयाची आहे, प्रभा.’

‘मग दुखणं तिथं आहे,’ प्रभाताई म्हणाल्या. ‘सिरॅमिकमध्ये नाही.’

थांबा. इथं मी पण थांबतो. तबलजी, जरा ठेका बंद ठेवा. हे वाक्य ज्याला लागलं त्यानं मनातल्या मनात हात वर करावा. मी माझा केला. मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो, तुम्हाला माहीत नसेल. एकोणचाळिसाव्या वर्षी कीर्तनाला उभा राहिलो. पहिल्या कीर्तनाला सात माणसं. त्यातली दोन एसटीची वाट बघत सावलीला बसली होती, एसटी आली तशी उठून गेली. आणि मला ताल चुकतोय हे कळत होतं, पण साथीच्या बावीस वर्षांच्या मुलाला विचारवेना. का? तर मी बुवा ना. खांद्यावर उपरणं आहे, डोक्याला पागोटं आहे. पागोट्यात ताल नसतो, हे समजायला मला वर्ष लागलं.

सदाशेठांना एक रात्र लागली. म्हणजे माझ्यापेक्षा तो माणूस मोठा.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रणालीच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, ‘मला हे जमत नाही. शिकवशील का?’

ती पोरगी काय म्हणाली ऐका. म्हणाली, ‘काका, तीन आठवडे मी वाट बघतेय. मला वाटलं, माझ्याकडून शिकायला तुम्हाला आवडणार नाही. म्हणून मी गप्प होते.’

दोघं घाबरलेले. तो विचारायला, ही सांगायला. मध्ये सात दात फुटले.

तिनं त्यांना करायला लावलं आणि नुसतं बघितलं. दोन मिनिटांत म्हणाली, ‘काका, तुम्ही घाई करताय. ओलं असतानाच भट्टीत ढकलताय. सोन्याला झटकन आच देता तशी देताय. याला आधी भट्टीच्या तोंडाशी ठेवायचं, सावकाश सुकू द्यायचं.’ म्हणजे बघा, जो हात तीस वर्षं शहाणा होता, तोच इथं आडवा आला. जुनी विद्या कधी खांद्यावर घेते, कधी पायात येते. कुठं काय करते, ते बाहेरच्या डोळ्याला दिसतं. आठवा दात आख्खा बाहेर आला. सदाशेठांनी तो तळहातावर घेतला. प्रणाली म्हणाली, ‘काका, चहा घ्या आता.’

असे पाच महिने गेले. आणि आता या आख्यानात एक नवीन पात्र येतं. ते पात्र म्हणजे मी.

हसू नका. गेल्या वर्षी माघात, कीर्तन संपवून देवळाच्या पायऱ्या उतरताना धोतरात पाय अडकला आणि तोंडावर पडलो. वरचे पुढचे तीन दात गेले. लोक म्हणाले, बुवा, देवानं वाचवलं. मी म्हटलं, वाचवलं खरं, पण माझं दुकानच फोडलं. कीर्तनकाराचे दात म्हणजे काय? पैलवानाचा दंड तो. आणि अठरा दिवसांवर एका गावचा उत्सव. सुपारी घेतलेली.

डॉक्टर आरवाड्यांकडे गेलो. त्यांनी माप घेतलं, तीन दातांचा ब्रिज, म्हणजे एकाला एक जोडलेले दात, करायला मिरजेला पाठवला. आला, बसवला. आरशात बघितलं, झकास. लग्नाला उभा राहिलो असतो. आणि तोंड उघडून म्हणालो, ‘सीताराम.’ आणि काय सांगू तुम्हाला, ‘सी’ म्हणताना शिट्टी वाजली. दारातला कंपाउंडर वळून बघायला लागला. ‘वसंत’ म्हणावं तर ओठ दाताला अडकतो. डॉक्टरांनी परत पाठवला. लॅबमध्ये नवीन केला. तीच शिट्टी. तिसऱ्यांदा केला. तेच.

डॉक्टर म्हणाले, ‘बुवा, माप अचूक आहे. सवय होईल.’

मी म्हटलं, ‘डॉक्टर, मला होईल. पाचशे श्रोत्यांना कशी होणार? मी देवाचं नाव घ्यायचो आणि लोकांना वाटायचं कंडक्टरनं शिट्टी मारली.’

वर हसलो, पण आतून मी खचलो होतो. घरी मी बायकोला सांगून टाकलं होतं की, उत्सवाला नाही म्हणून कळव. आता हे संपलं. माझं वय सत्तावन्न. या वयात परत कारकुनी तरी कोण देणार? हे मी आज तुमच्यासमोर कबूल करतो. दुसऱ्यांना धीर द्यायला उभा राहणारा माणूस आतून किती रिकामा झालेला असू शकतो, ते तुम्हाला कळावं म्हणून सांगतो.

तिकडे लॅबमध्ये चौथ्यांदा तोच साचा टेबलावर आला. रेहानाबाई म्हणाल्या, ‘मापात चूक नाही. पुन्हा तसाच करा, जरा गुळगुळीत करा.’

सदाशेठ तो साचा बघत बसले. त्यांना काहीतरी खुपत होतं. आणि इथं, मंडळी, त्यांच्या मनात दोन आवाज आले. हे त्यांनी मला नंतर सांगितलं. एक आवाज म्हणाला, ‘तू कोण? पाच महिन्यांचा माणूस. डॉक्टर शिकलेले, मॅडम शिकलेल्या. गप्प काम कर.’ दुसरा म्हणाला, ‘हा माणूस बोलतो कसा, ते कुणी बघितलंय का?’

नीट ऐका. दोन्ही शंकाच आहेत. पण पहिली शंका निकाल देते आणि दार लावते. दुसरी प्रश्न विचारते आणि उत्तराची वाट बघते. पहिलीनं दुकानं बंद पाडली. दुसरीनं जगात जे काही नीट बनलं, ते बनवलं.

सदाशेठ उठले आणि मालकिणीसमोर उभे राहिले. ‘मॅडम, मला या माणसाला बोलताना बघायचंय.’

‘काका, आपण पेशंट बघत नाही. ते डॉक्टरांचं काम.’

‘नथ करताना मी मुलीला समोर बसवायचो. दात तर तोंडातच बोलतो. साचा बोलत नाही, मॅडम.’

‘आणि तुम्ही बघूनही चुकलं तर?’

‘तर मी परत करीन. पण न बघता चौथ्यांदा केलं, तर चुकणारच आहे.’

रेहानाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग फोन उचलला आणि डॉक्टर आरवाड्यांशी बोलल्या. मोठी बाई. दुसऱ्या मालकानं ‘जागेवर बसा’ म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी डॉक्टरांच्या खुर्चीवर आडवा. दारातून एक माणूस आला, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं, हातात छोटी पेटी. डॉक्टर म्हणाले, ‘हे पोतदार.’ मी त्यांचा हात बघितला. थरथरत होता. मनात म्हटलं, झालं. हा आता माझं काय करणार?

त्यांनी मेणाचे दात करून आणले होते. माझ्या तोंडात बसवले आणि म्हणाले, ‘बुवा, बोला.’

‘काय बोलू?’

‘रोज बोलता ते. आख्यान सांगा.’

मी आजवर देवळात कीर्तन केलंय, शेतात केलंय, एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर केलंय. दाताच्या खुर्चीवर बसून केलेलं ते पहिलंच. मी सुरू केलं. शिट्ट्या वाजत होत्या, ओठ अडकत होता, तरी बोलत राहिलो. बाहेरचे पेशंट दारात येऊन उभे राहिले. एक आजी गालाला रुमाल लावून ऐकत होती, दुखणं विसरून.

आणि सदाशेठ? ते माझे शब्द ऐकतच नव्हते. ते माझा ओठ बघत होते. खाली वाकून, बाजूनं, समोरून. मग म्हणाले, ‘थांबा. “फणस” म्हणा.’ म्हटलं. ‘वसंत.’ म्हटलं. ‘सासवड.’ म्हटलं. मेणाचे दात काढले. पातळ सुरीनं कडेवरून तांदळाच्या कणीएवढं मेण उतरवलं. मागच्या बाजूला जिभेकडे तेवढंच चढवलं. पुन्हा बसवले. ‘फणस.’ पुन्हा काढले. पुन्हा थोडं. असं सहा वेळा. आणि मंडळी, चौथ्या वेळेपासून त्यांचा हात थरथरत नव्हता. कधी थांबला, ते त्यांनाही कळलं नाही. हात थरथरायचा थांबेल, मग काम करू, असं म्हणत ते दारातच उभे राहिले असते, तर आजही उभेच असते.

सातव्या वेळी म्हणाले, ‘आता देवाचं नाव घ्या.’

मी म्हणालो, ‘सीताराम.’

स्वच्छ. पावसानंतरच्या पाण्यासारखा नव्हे, विहिरीतल्या पाण्यासारखा ‘सी’. डॉक्टर पुढे आले, म्हणाले, ‘पुन्हा म्हणा बुवा.’ मी पुन्हा म्हणालो, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सदाशेठ घाबरून म्हणाले, ‘टोचलं का कुठं?’ काय सांगू त्या भल्या माणसाला, काय टोचलं ते.

त्या मेणावरून सदाशेठांनी धातू ओतला. वरचं सिरॅमिकही त्यांनीच चढवलं, प्रणाली शेजारी बसली होती. उत्सवाच्या तीन दिवस आधी ते दात माझ्या तोंडात बसले. आज जे तुम्ही ऐकताय, ते त्या हातातून आलंय.

आणि सदाशेठ? आता दर गुरुवारी ते डॉक्टरांकडे येऊन बसतात. पुढच्या दातांचं अवघड काम असेल तर आधी माणसाला बोलायला लावतात, हसवतात, पाणी प्यायला देतात. रेहानाबाईंनी लॅबची पद्धतच तशी केली. तासगावचं दुकान त्यांनी भाच्याकडे दिलं. परवा भेटले तेव्हा मी विचारलं, ‘सदाशेठ, ती भीती गेली का हो?’

म्हणाले, ‘नाही बुवा. नवा साचा हातात आला की आजही वाटतं, हा बिघडणार. पण आता मी प्रणालीला हाक मारतो. म्हणतो, जरा बघ गं. ती बघते. मग करतो.’

आता माझा प्रश्न मी परत विचारतो. माणूस कशाला घाबरतो? काम येत नाही याला नाही. ‘येत नाही’ हे दुसऱ्याला कळेल, याला घाबरतो. आणि आपण त्यालाच नम्रता म्हणतो. ‘छे हो, मला कुठलं जमणार.’ ऐकायला किती गोड. पण ती नम्रता नव्हे. नम्र माणूस विचारतो. हा तर लपवतोय. हा अहंकारच आहे, फक्त मान खाली घालून बसलेला.

तुमच्यात कुणी कंपनी बंद पडली म्हणून घरी बसलंय. कुणी पंधरा वर्षं पोरं सांभाळून आता बाहेर पडायचं म्हणतेय. कुणाला निवृत्तीनंतर काहीतरी वेगळं करायचंय, आणि तो रोज उद्या म्हणतोय. मी तुम्हाला धीर धरा म्हणणार नाही. धीर आधी येत नाही, काम धरल्यावर मागून येतो. मी एकच काम देतो. उद्या दुपारच्या आत कुणातरी एका माणसाकडे जा. शक्यतो तुमच्यापेक्षा लहान. आणि त्याला चार शब्द म्हणा, ‘येत नाही, जरा दाखव.’ तोही वाट बघत असेल, हे लक्षात ठेवा.

आणि इथं ज्यांना काम येतं असे जे बसलेत, त्यांना वेगळं सांगणं. तुमच्या शेजारी कुणी चुकत असेल, तर तीन आठवडे गप्प बसू नका.

देवा, आमची भीती काढून घे, असं मी मागत नाही. ती असू दे. भीत भीत का होईना, दुसऱ्याचं दार वाजवायची बुद्धी दे, आणि आमचं दार कुणी वाजवलं तर उघडायची दे. एवढं मागतो आणि तुझ्या पायाशी थांबतो.

उठा मंडळी, टाळ हातात घ्या. रामकृष्णहरी.